हैबतराव, पण कुठले?

परवा सकाळी गॅलरीत उभी होते, तर नाकाला धुराचा वास लागला. कचऱ्याचा नव्हे. कचऱ्याच्या धुरानं डोळे चुरचुरतात. हा धूर जरा गोडसर होता, वाळल्या पानांचा आणि शेणाचा. आमच्या बदलापूरच्या इमारतीमागे दोन टॉवरांच्या मध्ये अजून एक शेत शिल्लक आहे आणि त्याचा म्हातारा मालक दर फाल्गुनात हट्टानं राब भाजतो. भाताची रोपं जिथे टाकायची तेवढ्या तुकड्यावर पालापाचोळा आणि शेण पसरायचं, वर मातीचा हात फिरवायचा आणि पेटवून द्यायचं. जमीन भाजून निघाली की पावसाळ्यात रोप जोमानं उठतं. नातसून धावत आली आणि तिनं भराभर खिडक्या लावून घेतल्या. मी काही बोलले नाही. नव्वदीला टेकलेल्या बाईनं धुराची बाजू घेऊन भांडणं बरं दिसत नाही.

त्याच दुपारी पणती फोनवर शाळेसाठी कुणा सरदाराची माहिती शोधत बसली होती. त्या फोनमधल्या ज्ञानकोशानं तिला सरळ माहिती दिलीच नाही. आधी एक यादी पुढे केली. एकाच नावाचे सात जण, एकाखाली एक, आणि प्रत्येकाच्या पुढे कंसात काहीतरी लिहिलेलं. कुणाचं गाव, कुणाचा बाप, कुणी पहिला, कुणी दुसरा. "पणजी, यातला कुठला गं?" असं विचारून माझ्या उत्तराची वाट न बघता तिनं पहिल्यावर बोट ठेवलं सुद्धा. मला सांगावंसं वाटलं की बाळा, एवढी घाई करू नकोस. त्या कंसात काय घालायचं यावर कुणीतरी महिनेच्या महिने डोकं शिणवलेलं असतं. मला ठाऊक आहे, कारण अंबरनाथला एका फाल्गुनापासून जांभळं पिकेपर्यंतचा अख्खा ऋतू मी तेवढंच केलं होतं.

लग्न होऊन मी अंबरनाथला आले तो काळ पन्नास सालानंतर चार-पाच वर्षांचा. हे कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. मोरिवलीच्या अंगाला दोन खोल्या, मागे पडवी आणि पडवीपुढे थेट शेतं. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. घरात आम्ही दोघं आणि मामंजी, म्हणजे माझे सासरे. ते साताऱ्याकडच्या एका शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्त झाले होते आणि निवृत्त हेडमास्तरासारखा कामाला भुकेलेला प्राणी जगात दुसरा नाही. पुण्यात तेव्हा एक मोठा चरित्रकोश तयार होत होता. त्यातली सरदार, जहागीरदार, इनामदार घराण्यांची बाजू मामंजींनी आपण होऊन अंगावर घेतली होती. मी आले तेव्हा त्यांचं 'ख' अक्षर चालू होतं.

काम असं चाले. कुठल्या बखरीत, कुठल्या जुन्या पत्रात, कुणा गावच्या मास्तरांनी पाठवलेल्या टिपणात एखाद्या माणसाविषयी एक गोष्ट सापडली की ती एका चिठ्ठीवर उतरवायची. एका चिठ्ठीवर एकच गोष्ट. चिठ्ठीच्या उजव्या कोपऱ्यात त्या माणसाचं नाव, म्हणजे पुढे लेखाचा मथळा. मग एका मथळ्याच्या सगळ्या चिठ्ठ्या एकत्र करून दोऱ्यानं बांधायच्या आणि डब्यात घालायच्या. मथळा कसा करायचा याचं एक नियमपत्रक पुण्याहून आलं होतं, ते मामंजींनी भिंतीवर चिकटवलं होतं. आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव. पदव्या नकोत. घरगुती नावं अजिबात नकोत.

माझं अक्षर बरं म्हणून मला या कामाला जुंपलं. दुपारची भांडी झाली की मी चटईवर चिठ्ठ्या मांडून बसायची. बाहेर मोरिवलीच्या शेतांतून राब पेटलेले असायचे, पडवीतून धूर आत यायचा आणि माझ्या पापण्या जड व्हायच्या. मामंजींच्या ते बरोबर लक्षात यायचं. "आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास," असं चष्म्यावरून बघत म्हणायचे. मग मी तोंडावर पाणी मारून पुन्हा बसायची.

खरं सांगायचं तर पहिले काही दिवस मला त्या सरदारांचा राग यायचा. एवढी मोठी घराणी, एवढी गावं इनाम, आणि मुलांना ठेवायला नावं फक्त दोन. आजोबांचं नाव नातवाला द्यायचं हा रिवाज. त्यामुळे खडकवण्याच्या जहागीरदारांकडे आजोबा हैबतराव, त्यांचा मुलगा जानराव, त्याचा मुलगा पुन्हा हैबतराव. आजोबांच्याही वडिलांचं नाव जानरावच. आता नियमपत्रकाप्रमाणे लिहा: खडकवणेकर, हैबतराव जानराव. आजोबाही तेच, नातूही तेच. वडिलांचं नाव लिहून माणूस ओळखू येईल असं ज्यानं ठरवलं, त्यानं सरदारांची वंशावळ कधी उघडून बघितली नसावी. आणि त्यांच्या बायकांचं म्हणाल, तर लग्नात नावं बदलून जिकडे तिकडे लक्ष्मीबाई आणि रमाबाई. पण त्यावरून कुणाची पंचाईत होत नव्हती, कारण त्यांना मथळेच नव्हते.

चिठ्ठ्यांसाठी पत्र्याचे डबे लागत, ते आणायला मी कॅम्पात जायची. उल्हासनगर हे नाव कागदोपत्री आलं होतं, पण आमच्या तोंडी कल्याण कॅम्पच. सिंधी माणसं सगळं मागे टाकून तिथल्या बराकींत येऊन राहिली होती आणि जे मिळेल ते विकत होती. प्रीतमदास म्हणून एक दुकानदार होता. तो बिस्किटांचे रिकामे डबे आमच्यासाठी राखून ठेवायचा. एवढे डबे कशाला, म्हणून त्यानं एकदा विचारलं. मी माझ्या तोडक्यामोडक्या हिंदीत त्याला हैबतरावांची अडचण सांगितली. तो हसायला लागला. म्हणाला, "अदी, हमारी बैरक में पाँच परमानंद हैं. डाकवाला पहले बाप का नाम पूछता था, फिर गाँव पूछता था. अब गाँव तो उधर रह गया. अब सीधा बैरक का नंबर पूछता है." अदी म्हणजे बहीण. हे त्यानं हसत सांगितलं खरं, पण सांगून झाल्यावर तो थोडा वेळ डबेच पुसत राहिला. बराकीचा नंबर हीच माणसाची ओळख होऊन बसावी, याचं मला परत येताना वाटभर वाईट वाटत होतं. मामंजींना सांगितलं तर त्यांनी ते वहीत टिपून घेतलं. खाली लिहिलं, "स्थळावरून ओळख: विचार करणे."

खडकवणेकरांचा लेख मी चैत्राच्या सुरुवातीला बांधून दिला. हैबतराव आजोबांची चिठ्ठ्यांची जुडी चांगली हातभर झाली होती. त्यांनी घाट बांधला, देवळाला कळस चढवला, दोन लढायांत जखमा घेतल्या. आणि एका चिठ्ठीवर होतं की दुष्काळात हैबतराव जानराव यांनी अंबारखान्याचं कुलूप आपल्या हातानं फोडून रयतेला धान्य वाटलं. अंबारखाना म्हणजे सरकारी धान्याचं कोठार. साल नव्हतं. आजोबांच्या हयातीत एक मोठा दुष्काळ पडला होता, म्हणून ती चिठ्ठी मी त्यांच्याच जुडीत बांधली. नातवाच्या नावानं दुसरी एकही चिठ्ठी नव्हती. तो लहानपणीच वारला असेल असं मी धरून चालले आणि त्याचा मथळाच केला नाही.

लेख छापण्याआधी घराण्यातल्या कुणाकडून तपासून घ्यायचा, असा मामंजींचा शिरस्ता. खडकवण्याच्या गादीवर दत्तक बसलेले गृहस्थ दूर बडोद्याकडे होते; त्यांनी उलट टपाली "सर्व बरोबर" म्हणून कळवलं, बहुधा न वाचताच. मामंजींचं तेवढ्यानं समाधान होईना. मग कळलं की त्या घरची एक म्हातारी सून, हैबतराव आजोबांची सूनच, आपल्या जवळ बदलापूरला माहेरी राहते. पाटलांची मुलगी सरदारघरात दिलेली. नवरा गेला, दत्तक आला, तशी ती भावाकडे परत आली आणि तिथेच राहिली. मामंजी म्हणाले, उद्या जाऊ.

बदलापूर तेव्हा भाताची खाचरं, जांभळीची झाडं आणि मधे मधे घरं असं होतं. पाटलांच्या घरी त्या म्हातारीच्या भाच्याची बायको खळ्यात शेण सारवत होती. तिनं मामंजींना ओट्यावर बसवलं आणि मला म्हणाली, "बाय, तू आतमंदी जा. आत्या परक्या बाप्यासमोर नाय यायची. बाबांना हितंच पानी देतंय." सरदारघरातली शिस्त. त्यामुळे मामंजी बाहेर ओट्यावर, म्हातारी आतल्या खोलीत आणि मी कागद घेऊन मधल्या दारापाशी, अशी आमची बैठक बसली. मामंजींना ऐकू यायचं, पण ते काही विचारणार ते माझ्या तोंडून.

त्या म्हातारीला खडकवण्यात काकीसाहेब म्हणत. काकीसाहेब ठेंगण्या होत्या, पंचाहत्तरीच्या आसपास, पांढरं लुगडं, पाठ ताठ. वाचता येत नव्हतं. मी लेख वाचू लागले. घाट झाला, कळस झाला, त्यांची मान हलत होती. अंबारखान्याच्या वाक्याला त्यांनी हात वर केला.

"हे त्यांनी नाही केलं."

ओट्यावरून मामंजी खाकरले आणि मला म्हणाले, विचार, मग कुणी केलं. मी विचारलं. काकीसाहेब गप्प. मला वाटलं, आठवत नसेल. मी पुन्हा विचारलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की एवढंही या पोरीला कळू नये. मग हळूच म्हणाल्या, "त्यांच्याच नावाच्यानं."

म्हणजे काकीसाहेबांचा मुलगा. हैबतराव जानराव, पण नातू. मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या, साथीच्या वर्षी पाऊस गेला आणि खडकवण्यात माणसं पाला उकडून खायला लागली. जानराव मुंबईला मुक्कामाला होते. वीस वर्षांचा मुलगा घणाचा घाव घालून कोठार उघडतो आणि उभा राहून धान्य वाटतो. वडील मुलावर संतापले. आणि पुढे दोन महिन्यांत त्याच साथीत मुलगा गेला. काकीसाहेबांनी हे सगळं मुलाचं नाव न घेता सांगितलं. मग मला विचारलं, की तुमच्या पुस्तकात हे सासऱ्यांच्या नावावर छापलं तर नंतर कधी बदलता येईल का? मी म्हणाले, नाही, एकदा छापलं की तेच राहतं. त्या म्हणाल्या, "सासऱ्यांचं पुष्कळ आहे गं. याचं एवढंच आहे."

चूक माझी होती, पण त्यांनी तसं म्हटलं नाही. घरी आल्याबरोबर त्यांनी फळीवरचा एक डबा काढला. त्यावर 'अनिर्णित' असं लिहिलं होतं. ज्या चिठ्ठ्यांचा मालक सापडत नसे त्या त्यात जात. बराच वेळ शोधून त्यांनी एक चिठ्ठी माझ्या हातात दिली. खडकवण्याच्या मास्तरांनी पाठवलेली, बायका जात्यावर म्हणतात ती ओवी:

चिमासायबानं फोडलं टाळं
माझ्या जात्याला मिळालं दाणं

खाली मामंजींच्या तांबड्या शाईत शेरा: "वंशावळीत चिमासाहेब नावाचा पुरुष नाही."

मी त्या चिठ्ठीकडे पाहत राहिले आणि मला एकदम कळलं. त्यात माझी काही हुशारी नव्हती. मी सून होते, एवढंच. सून सासऱ्यांचं नाव घेत नाही. मग सासऱ्यांचंच नाव मुलाला ठेवलं तर आई त्याला हाक कशी मारणार? तिला दुसरं नाव शोधावंच लागणार. चिमा. आई चिमा म्हणते म्हणून नोकर चिमासाहेब म्हणतात, आणि नोकर म्हणतात म्हणून गाव म्हणतं. हे मी मामंजींना सांगितलं, तेव्हा ते आरामखुर्चीत मागे टेकले. त्यांच्या डब्यांत कितीतरी आबासाहेब, बाबासाहेब, दादासाहेब असे बिनमालकीचे पडून होते. एका नावाच्या दहा सरदारांना वेगळं कसं करायचं म्हणून आम्ही डोकेफोड करत होतो, आणि त्यांच्या घरातल्या बायकांनी ते काम पाळण्यापाशीच करून ठेवलं होतं. नियमपत्रकानं मात्र नेमकी तीच नावं बाद केली होती. मामंजी म्हणाले, "चाळीस वर्षं मी हजेरीपटावर मुलांची नावं घेतली. त्यांना घरी काय म्हणतात, हे कधी मनात आलं नाही."

माझ्याही मनात एक गोष्ट तेव्हा पहिल्यांदा आली. मी रोज ज्यांच्यासमोर बसून शेकडो माणसांची नावं लिहीत होते, त्यांचं स्वतःचं नाव मी कधी तोंडातून काढलेलं नव्हतं. टपाल आलं आणि पोस्टमननं विचारलं तर मी नुसती मान हलवायची. आता नातसून माझ्या मुलाला 'पप्पा' म्हणते आणि फोनवर कुणी विचारलं तर खुशाल नावानं सांगते. त्याचं मला वाईट वाटत नाही. उलट, मेलं आपण काय काय निभावलं, असं वाटून हसू येतं.

मामंजींनी पुण्याला पत्र घातलं, की नातवाचा स्वतंत्र लेख हवा. उत्तर आलं ते थंड. एक तर या इसमानं सरदारी केलेली नाही. दुसरं म्हणजे जात्यावरची ओवी हा पुरावा होत नाही. तिसरं, पानं जुळवून झाली आहेत. लेखी आधार असेल तर चार ओळी देऊ, त्याही त्याच पानावरच्या दुसऱ्या चार ओळी कमी करून. आणि आधार महिनाअखेर हातात पडला पाहिजे. मामंजी पत्र घडी करत म्हणाले, बरोबर आहे त्यांचं. मी त्यांच्या जागी असतो तर हेच लिहिलं असतं. पण दुपारभर पडवीत येरझाऱ्या घालत होते. मला तर अन्न गोड लागेना. एका मुलाचं एकुलतं एक काम मी दुसऱ्याच्या जुडीत बांधून टाकलं होतं आणि आता ते सोडवता येत नव्हतं.

आम्ही पुन्हा बदलापूरला गेलो. राब भाजून झाले होते, शेतांतून काळे चौकोन उमटले होते. मी काकीसाहेबांना सगळं सरळ सांगितलं. काही लिहिलेलं आहे का, असं विचारलं. त्या उठल्या आणि त्यांनी लाकडी पेटीतून एक कागद आणला. जानरावांनी मुंबईहून त्यांना पाठवलेलं पत्र होतं. कारकुनानं त्या वेळी एकदा वाचून दाखवलं होतं. त्यानंतर कुणाकडून वाचून घ्यायची त्यांना छाती झाली नव्हती. मी वाचलं. "चि. हैबत याने आमचे आज्ञेवाचून अंबारखान्याचे कुलूप फोडून धान्य रयतेस वाटिले, ऐसे कळले. या उद्धटपणाचा जाब आम्ही समक्ष घेऊ. आपण त्यास फार लाडावून ठेविले आहे." पुढे तब्येतीच्या चार ओळी.

त्या मुलाचं चांगलं काम जगात एकाच ठिकाणी लिहिलेलं होतं, आणि ते लिहिणाऱ्यानं शिवी म्हणून लिहिलेलं होतं. मी विचारलं, एवढी बोलणी लिहिलेलं पत्र जपून कशाला ठेवलंत? काकीसाहेब म्हणाल्या, "त्यात त्याचं नाव आहे, असं कारकून म्हणाला होता."

ओट्यावर मामंजींना पत्र नेऊन दिलं. त्यांनी दोनदा वाचलं, तारीख बघितली, चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला. मग त्यांच्यातला हेडमास्तर जागा झाला. आधार झाला, आता मथळा. एका पानावर दोन हैबतराव जानराव येणार. वाचणाऱ्याचा गोंधळ होता कामा नये. त्यांनी मला सांगितलं, काकीसाहेबांना विचार, 'हैबतराव दुसरे' असं लिहिलं तर चालेल का. सगळीकडे तशीच पद्धत आहे, राजेरजवाड्यांत सुद्धा.

मी आत जाऊन विचारलं.

"दुसरा कसा? मला तर एकच होता."

हे त्या तक्रारीच्या सुरात म्हणाल्या नाहीत. त्यांना खरंच कळलं नव्हतं. मी ते वाक्य जसंच्या तसं मामंजींना सांगितलं. घरी आल्यावर त्यांनी भिंतीवरचं नियमपत्रक काढून टेबलावर घेतलं आणि पुण्याला पाच पानी पत्र लिहिलं. पहिला-दुसरा हा हिशेब गादीचा असतो. जो गादीवर बसलाच नाही त्याला तो लावू नये. घरगुती नाव बाद करणं म्हणजे माणसाला त्याच्या आईपासून तोडणं आहे, आणि कोशाच्या दृष्टीनंही ते गैरसोयीचं आहे, कारण खडकवण्यात आजही लोक त्याला त्याच नावानं ओळखतात. हैबत म्हणजे दरारा. हे नाव या मुलाला जन्मभर कुणी हाकेसाठी वापरलेलं नाही, वापरलं ते फक्त पत्रात, रागावताना. ओळी कमी करायच्या त्या आजोबांच्या लेखातल्या कळसाच्या कराव्यात, कारण तो कळस त्यांनी चढवला की त्यांच्या दिवाणानं, याबद्दल मला पूर्वीपासून शंका आहे. ही शंका त्यांना त्या दुपारीच आली असावी, असं माझं मत आहे.

मग वाट पाहणं. चैत्र गेला, वैशाख तापला. पाण्यासाठी विहिरीवर जाताना पाय पोळायचे. मी चिठ्ठ्या लिहायची पण मन टपालाकडे. मामंजी पोस्टमनची वेळ झाली की काहीतरी निमित्त काढून बाहेर जायचे आणि रिकाम्या हातानं परत आले की म्हणायचे, ऊन फार आहे. एकदा हे म्हणाले सुद्धा, चार ओळींसाठी एवढं काय? आम्ही दोघांनी त्यांच्याकडे एकदमच बघितलं आणि ते मुकाट्यानं जेवू लागले.

जांभळं काळी व्हायला लागली तेव्हा प्रूफ आलं. छापखान्याचा लांब, ओलसर वासाचा कागद. पत्र वगैरे काही नाही. मामंजींनी बोटानं ओळी खाली खाली नेल्या आणि एका जागी थांबले. कळस गेला होता. खाली स्वतंत्र मथळा होता. मामंजींनी कागद माझ्याकडे दिला आणि म्हणाले, पदर घे, आत्ताच निघू.

काकीसाहेब खिडकीपाशी बसल्या होत्या. भाच्याच्या बायकोनं जांभळांची दुरडी आणून ठेवली, पण कुणी हात लावला नाही. मी प्रूफ त्यांच्या मांडीवर पसरलं. त्यांनी विचारलं, कुठे? मी त्यांचं बोट धरून मथळ्यावर ठेवलं. मग वाचलं, "खडकवणेकर, हैबतराव जानराव, उर्फ चिमासाहेब." पुढच्या चार ओळी वाचल्या. दुष्काळ, कुलूप, धान्य, साथ. ओळी संपल्या तरी त्यांचं बोट मथळ्यावरून निघालं नव्हतं.

मग त्यांनी मला विचारलं, "तू त्याची कुणी लागत नाहीस ना?"

मी म्हणाले, नाही.

"मग तुला चालतं. एकदा त्याला हाक मार. चिमा नको, ती मी पुष्कळ मारली. त्याच्या नावानं मार. जेवायला बोलावतात ना, तशी."

मी दारात गेले. ओट्यावर मामंजी बसलेले. सासऱ्यांच्या समोर मी तोवर कधी आवाज चढवून बोलले नव्हते. ताटात भात वाढू का हेही हळू विचारायची. समोर खळं, त्यापलीकडे काळे पडलेले राबाचे तुकडे, जांभळीखाली सावली. मी छातीत हवा भरून घेतली आणि जेवढा आवाज होता तेवढ्यानं हाक मारली.

"हैबत, ए हैबत, जेवायला चल."

खळ्यात भाच्याची बायको वाकली होती ती उभी राहिली. मामंजींनी मान वर केली नाही. माझा आवाज मलाच अनोळखी वाटत होता आणि तो फार लांबवर गेला नसेल अशी शंका आली, म्हणून मी पुन्हा हाक मारायला तोंड उघडलं. तेवढ्यात आतून काकीसाहेबांचा आवाज आला.

"पुरे गं. त्याला कधी दुसरी हाक मारावी लागली नाही."